पाच छेद आठ

सोमवारी सकाळी कृष्णवेणीने कंप्युटर सुरू केला तेव्हा वाणी नावाच्या एका शिक्षिकेची मेल तिच्यासमोर आली. मेल तिला लिहिलेली नव्हती. चार जणांच्या हातून फिरत, वर 'माहितीसाठी' एवढाच शेरा घेऊन ती तिच्यापर्यंत पोचली होती. बोम्मसंद्र्याजवळ अधू दृष्टीच्या मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथे या बाई गणित शिकवत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही तयार केलेलं आठवीचं मोठ्या टायपातलं गणिताचं पुस्तक आम्ही वर्षभर वापरलं. माझ्या मुली अपूर्णांकांची उदाहरणं तोंडी बरोबर सोडवतात. तीच उदाहरणं पुस्तकातून वाचून सोडवायला दिली की चुकतात. एक-दोन नाही, सगळ्याच चुकतात. पुस्तकात काय अडचण आहे ते कृपया पाहावं.'

खाली पुस्तक काढणाऱ्या न्यासाचं उत्तर होतं. 'पुस्तकातील मजकूर ठरल्याप्रमाणे चोवीस पॉइंटात आहे. सर्व नियमांची पूर्तता झालेली आहे.'

ते पुस्तक कृष्णवेणीनेच जुळवलं होतं. शेवटच्या प्रूफावर 'ठीक' म्हणून सहीसुद्धा तिचीच होती.

कृष्णवेणी एक्कावन्न वर्षांची. बंगळूरच्या शिवाजीनगरात राहायची. तिचा नवरा गुंडूराव याचं तिथेच अस्तर, बटणं आणि दोऱ्यांचं दुकान होतं. दोघांचीही घराणी चार पिढ्या बंगळूरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. ती स्वतः सव्वीस वर्षं पुस्तकं जुळवत होती, त्यातली शेवटची अकरा मारतहळ्ळीच्या या कंपनीत. तिच्याकडे येणारी पुस्तकं बहुतेक गणिताची. ती लेटेक नावाच्या व्यवस्थेत जुळवली जातात. तिथे पान डोळ्यांसमोर सजवत बसायचं नसतं. आज्ञा लिहायच्या आणि पान यंत्राने बांधायचं. अपूर्णांक हवा असला की 'फ्रॅक' ही आज्ञा द्यायची, पुढे अंश, पुढे छेद. बाकी सगळं ती व्यवस्था बघते, आणि इतकं सुरेख बघते की कृष्णवेणीला कधी त्यात हात घालावासा वाटला नव्हता.

तिने आठवीची फाइल उघडली आणि मोजायला घेतलं. ओळीतली अक्षरं चोवीस पॉइंटांची होती, त्यात खोट नव्हती. पण ओळीच्या मध्ये आलेल्या अपूर्णांकांतले आकडे सतराच्या आसपास होते. कारण तिला माहीत होतं. ओळी एकमेकींपासून ढळू नयेत म्हणून मजकुरातला अपूर्णांक ही व्यवस्था आपणहून लहान करते. साध्या पुस्तकात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि अपूर्णांकाच्या पोटात आणखी अपूर्णांक असला तर तो बारावर उतरला होता. बारा म्हणजे तर चांगल्या डोळ्यांच्या माणसाचं अक्षर झालं. हे आपल्याला त्या वेळी सुचू नये?

ती उठून मल्हारकडे गेली. मल्हार पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला, एकोणतीस वर्षांचा, तिच्या टीमचा प्रमुख. याच मालिकेतलं नववीचं पुस्तक सध्या त्यांच्या हातात होतं आणि ते द्यायला सोळा दिवस उरले होते.

"मॅम, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे," सगळं ऐकून घेतल्यावर मल्हार म्हणाला. "पण क्लायंटने नियम ठरवून दिलेला स्पेक बघा ना. बॉडी टेक्स्ट चोवीस. फ्रॅक्शन्सबद्दल त्यात एक शब्द नाहीये."

"शब्द नाही म्हणून तर करता येतं की."

"शब्द नाही म्हणून करायची गरज नाही, असं क्लायंट म्हणणार."

"मुलींना वाचता येत नाही हो, मल्हार."

मल्हारने चष्मा काढून डोळे चोळले. "नववीच्या पुस्तकात ट्राय करा. पण पानं चारशे पन्नासच्या वर जायला नकोत. दीडशेचे तीन भाग, त्याहून जाड पुस्तक पोरींना उचलत नाही, असं त्यांनीच लिहिलंय. आणि डेट हलणार नाही."

मंगळवारी तिने एका ओळीत काम उरकलं. फ्रॅक या आज्ञेचा अर्थच तिने बदलून टाकला: जिथे जिथे अपूर्णांक, तिथे तिथे पूर्ण चोवीसचे आकडे. पान बांधून झालं तेव्हा आकडे ऐसपैस उभे राहिलेले बघून तिला बरं वाटलं. मग तिने पानांची संख्या पाहिली. चारशे अठराची पाचशे सात झाली होती.

बुधवारी मल्हार हातात एक छापील पान घेऊन तिच्या टेबलाशी आला. त्याने बोट ठेवलं ते घातांकांच्या धड्यावर.

"हे काय आहे, मॅम?"

"साडेचार," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच पान ओढून डोळ्यांजवळ नेलं.

ते साडेचार नव्हतं. तो चारचा अर्धा घात होता, ज्याचं उत्तर दोन येतं. घातातला अर्धा वर, बारीक दिसायला हवा होता. तिच्या नव्या आज्ञेने तोही फुगवून चारच्या शेजारी आणून बसवला होता. असे त्या धड्यात एकशे चार अपूर्णांक होते.

"एका ओळीत होणारं काम असतं तर आधीच कोणीतरी केलं असतं," मल्हार म्हणाला. तो टोचून बोलला नव्हता, पण तिला ते टोचलं, कारण तो बरोबर होता. सव्वीस वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती.

मग ती हाताने करायला बसली. नववीच्या पुस्तकात अकराशे त्रेचाळीस अपूर्णांक होते. प्रत्येकावर जाऊन बघायचं: हा घातातला आहे का, ओळीतला आहे का, दुसऱ्याच्या पोटातला आहे का. ओळीतला असेल तर मोठा करायचा. त्याने वरची ओळ ढकलली तर वाक्य जरा सैल करून, जागा साधून घ्यायची. बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. शनिवार-रविवारही ती ऑफिसात आली. वाटेत मूळ पुस्तकातल्याच शहाऐंशी चुका सापडल्या, चुकलेली उत्तरं, गळलेली चिन्हं, त्याही तिने दुरुस्त केल्या. सोमवारी संध्याकाळी पानं चारशे एकसष्ट भरली. अकरा पानं जास्त. अकराच, तिला वाटलं, अकरा पानांसाठी कोण अडवणार?

मंगळवारी क्लायंटबरोबर फोन झाला. पुस्तकं काढणाऱ्या न्यासाच्या वतीने संतोषकुमार नावाचे गृहस्थ सगळं तपासायचे. आवाज मऊ, बोलणं कन्नड-इंग्रजीतलं, आणि हातात कायम तपासणीची यादी.

"मॅडम, तुमची फाइल आमच्या चेकरने परत केली आहे," ते म्हणाले. "ओळींमधलं अंतर दोनशे बारा ठिकाणी असमान. पानं अकरा जास्त."

"सर, ओळींमधलं अंतर वाढलंय कारण अपूर्णांक मोठे केलेत. वाचता यावेत म्हणून."

"अपूर्णांक मोठे करायला कोणी सांगितलं?"

"तुमच्याच पुस्तकाबद्दल शाळेची तक्रार आहे ना, सर?"

"तक्रारीला उत्तर गेलेलं आहे." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "समान अंतर हा नियम या मुलांसाठीच आहे, मॅडम. अंतर बदललं की त्यांची ओळ चुकते. तज्ज्ञांनी ठरवलंय ते."

हेही खरंच होतं. "सर, स्वल्प ऐकून घ्या—" एवढं ती म्हणाली तोवर मल्हारने मध्ये पडून सांगून टाकलं, "येस सर, वी विल रिव्हर्ट."

बुधवारी सकाळी तिने फाइल उघडली तर अपूर्णांक पुन्हा सतराचे झाले होते. ते अपेक्षित होतं. मग तिने सहज उत्तरांचं पान काढलं. तिसऱ्या धड्यातलं चुकीचं उत्तर, जे तिने शुक्रवारी दुरुस्त केलं होतं, ते पुन्हा चुकीचं होऊन बसलं होतं. तिने चौथा धडा पाहिला. पाचवा पाहिला. मल्हारने अपूर्णांक तेवढे मागे नेले नव्हते. अख्खं फोल्डर आठवड्यापूर्वीच्या अवस्थेत नेऊन ठेवलं होतं. शहाऐंशीच्या शहाऐंशी दुरुस्त्या पुसल्या गेल्या होत्या.

कृष्णवेणी ऑफिसात कधी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी ती मल्हारच्या टेबलासमोर उभी राहून ओरडली. "विचारायचं तरी होतं! एक शब्द विचारायचा होता! सहा दिवस मी इथे काय माशा मारत होते?"

तीस डोकी स्क्रीनमागून वर आली. मल्हारचे कान लाल झाले.

"मॅम, मला वाटलं फक्त फ्रॅक्शन्सच—"

"तुम्हाला वाटलं! त्या संतोषकुमारांना वाटलं की अंतर समान पाहिजे, तुम्हाला वाटलं की फोल्डर मागे न्यावं, मला वाटलं की आकडे मोठे केले की झालं. ज्यांना वाचायचंय त्यांना काय वाटतं ते विचारलंय का कोणी?"

हे ती त्याला बोलली खरी, पण जागेवर येऊन बसल्यावर तेच वाक्य तिच्या डोक्यात घुमत राहिलं. तिनेही कुठे विचारलं होतं? वाणी टीचरच्या मेलखाली फोन नंबर होता. दहा दिवस झाले, तिने तो लावला नव्हता.

शनिवारी सकाळी तिने तीन पानं पिशवीत घातली. एकच पान, तीन प्रकारांनी छापलेलं: सतराच्या आकड्यांचं जुनं, सगळं फुगवलेलं, आणि तिने हाताने साधलेलं. फाइल पुसली गेली तरी कागद उरले होते. शिवाजीनगरहून सिल्क बोर्ड आणि तिथून दुसऱ्या बसने होसूर रोड. बोम्मसंद्र्याला उतरेपर्यंत अकरा वाजून गेले.

शाळा दुमजली, साधी होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला जाड पिवळा पट्टा रंगवलेला होता. वाणी टीचर पस्तिशीच्या, उंच, दमलेल्या. कृष्णवेणीने आपण कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा आणखी बंद झाला.

"नियमांची पूर्तता झालेली आहे, तेच ना सांगायला आलात?" त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

"नाही टीचर. ते पुस्तक मी जुळवलंय. ते मुली कसं वाचतात ते मला बघायचंय."

वाणी टीचर दाराशी गेल्या. मग त्यांनी व्हरांड्यातून हाक मारली, "अनुषा! बा इल्ली."

अनुषा चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी होती. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग होतं. आठवी संपवून ती जूनमध्ये नववीत जाणार होती. तिने जुनं पान घेतलं, नाकापासून चार बोटांवर धरलं आणि भिंग सरकवत इंग्रजीत वाचू लागली. टाकीचं उदाहरण होतं: टाकी पाच छेद आठ भरलेली आहे, तीत तीस लिटर पाणी ओतलं.

"द टँक इज फाइव्ह..." ती थांबली. भिंग मागे-पुढे झालं. "फाइव्ह फुल." मग खालच्या ओळीवर उतरताना, "सिक्स... नाही, एट. एट थर्टी लिटर्स."

कृष्णवेणीने दुसरं पान पुढे केलं, फुगवलेलं. आता हिला दिसेल, तिला वाटलं.

"द टँक इज फाइव्ह फुल," अनुषाने वाचलं. या वेळी झरझर, न अडखळता. "एट थर्टी लिटर्स."

तिसरं पान. तेच. पाच वरच्या ओळीत, आठ खालच्या ओळीत.

"अगं, ते फाइव्ह बाय एट आहे ना," वाणी टीचर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात वर्षभराचा वैताग होता. "नीट बघ."

अनुषाने पान आणखी जवळ घेतलं, नाक कागदाला टेकलं. मग मान वर करून तिने साधेपणाने विचारलं, "पण टीचर, ह्यात बाय कुठाय?"

कृष्णवेणीने पान आपल्या हातात घेतलं. पाच आणि आठ यांच्यामध्ये रेघ होती. तिला ती स्पष्ट दिसत होती, सव्वीस वर्षं दिसत होती, आणि तिने ती एकदाही पाहिली नव्हती. केसासारखी बारीक रेघ. अक्षरं दहाची चोवीस झाली तरी ही रेघ दहाच्या पुस्तकातलीच राहिली होती, पॉइंटाच्या अर्ध्याहूनही कमी जाडीची. कारण लेटेक ती चिन्हांच्या वेगळ्या संचातून घेते आणि त्या संचाचा आकार, मुद्दाम सांगितल्याशिवाय, वाढत नाही. हे कृष्णवेणीला माहीत होतं. कधीतरी वाचलं होतं, नव्यांना शिकवलंसुद्धा होतं.

वाणी टीचरनी टेबलावरचा काळा मार्कर उचलला आणि जुन्या पानावर, सतराच्या पाच आणि आठ यांच्यामध्ये, एक जाड रेघ ओढली. पान परत अनुषाच्या हातात दिलं.

"द टँक इज फाइव्ह बाय एट फुल," अनुषा म्हणाली. मग हसली. "असं होय!"

त्या दिवशी त्यांनी आणखी वीस अपूर्णांकांवर रेघा ओढून पाहिल्या. अनुषाने एकोणीस बरोबर वाचले. एकदा आठला सहा म्हणाली. अपूर्णांकाच्या पोटातला अपूर्णांक, तो बाराचा, तिला रेघ ओढूनही वाचता आला नाही.

अनुषा गेल्यावर वाणी टीचर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "वर्षभर मी त्यांना म्हणत होते, नीट बघा, नीट बघा," त्या म्हणाल्या. "दोघींना तर वर्गाबाहेर उभं केलंय मी."

"चूक तुमची नाही, टीचर," कृष्णवेणी म्हणाली.

घरी येताना सिल्क बोर्डच्या चौकात बस पाऊण तास अडकली आणि तेवढा वेळ ती स्वतःवर धुमसत राहिली. अकराशे त्रेचाळीस अपूर्णांक. दोन सुट्ट्या. तीस माणसांसमोर केलेला तमाशा. हे सगळं आकड्यांच्या आकारासाठी, आणि पोरीला हवी होती एक रेघ.

गुंडूराव दुकान बंद करून जेवायला आला तेव्हा तिने ताट वाढलं पण स्वतः बसली नाही.

"काय झालं, वेणी?"

"काही नाही. दोन आठवडे चुकीच्या भिंतीवर डोकं आपटत होते."

गुंडूरावाने भात कालवता कालवता विचार केला. "आता बरोबर भिंत सापडली ना? मग जेव आधी."

तिला राग आला आणि हसूही आलं. ती जेवायला बसली.

सोमवारी ती ऑफिसात पोचली तेव्हा मल्हार तिच्या टेबलाशीच उभा होता. त्याने एक कागद पुढे केला. शहाऐंशीपैकी एकोणऐंशी दुरुस्त्या त्याने जुन्या प्रतींशी ताडून परत घातल्या होत्या.

"सात सापडल्या नाहीत," तो म्हणाला. "सॉरी, मॅम. खरंच. मी विचारायला हवं होतं."

"मीही सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," ती म्हणाली. "बसा. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

तिने मार्करने ओढलेल्या रेघांचं पान त्याच्यासमोर ठेवलं आणि शाळेत झालं ते सांगितलं. मल्हारने पान जवळ ओढून रेघेवर बोट ठेवलं.

"स्पेकमध्ये रेघेच्या जाडीबद्दल काही आहे?" त्याने विचारलं.

"एक शब्द नाही."

"पानं वाढणार?"

"नाही म्हणण्याइतकीच."

"अंतर?"

"आकडे सतराचेच ठेवले तर ओळ ढळत नाही."

"मग करा की!"

दोन दिवस उरले होते. रेघ दोन पॉइंटांची केली तेव्हा ती छेदाच्या डोक्याला जाऊन चिकटली. आठ आणि तीन यांची डोकी रेघेत बुडाली. वर-खाली थोडी जागा सोडली तर काही ओळी ढळल्या. सोमवार या दोहोंमध्ये तोल साधण्यात गेला. शेवटी दीड पॉइंटावर जमलं. पोटातले अपूर्णांक शोधायला मल्हारने एक छोटा प्रोग्राम लिहिला. ते बासष्ट निघाले. ते सगळे तिने मजकुरातून उचलून स्वतंत्र ओळींवर, पूर्ण आकारात मांडले. त्यात पानं वाढली, पण चारशे एकोणपन्नासवर थांबली. बुधवारी दुपारी फाइल गेली. चेकरने एकही शेरा मारला नाही. संतोषकुमारांची मेल आली, 'नियमांकडे परत आल्याबद्दल आभार.'

कृष्णवेणीने ती वाचून बंद केली. ओळीतले आकडे शेवटी सतराचेच राहिले होते. विसात एकदा आठचा सहा होणारच होता. ते तिला खुपत होतं आणि पुढेही खुपणार होतं.

पण नववीचं मार्गी लागलं तरी आठवीचं तसंच होतं. जूनमध्ये वाणी टीचरच्या वर्गात नव्या मुली येणार, आणि त्यांच्या हातात तेच जुनं पुस्तक. मल्हारने न्यासाला लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: 'सदर प्रकल्प बंद झालेला आहे.' फक्त शुद्धिपत्र पाठवता येईल, तेही छापील नमुन्यात, एका नमुन्यात जास्तीत जास्त पन्नास नोंदी.

"आठवीच्या पुस्तकात फ्रॅक्शन्स किती आहेत?" मल्हारने विचारलं.

"तेराशे बारा."

मल्हारने तोंडातल्या तोंडात भागाकार केला. "सत्तावीस फॉर्म."

"सरी," कृष्णवेणीने कन्नडमध्ये होकार दिला, "करूया."

तो मस्करी करत होता, पण ती नव्हती. तिने पहिला नमुना उघडला आणि लिहायला सुरुवात केली. पान नऊ, ओळ चार, अंश आणि छेद यांच्यातली रेघ वाचकाला दिसत नाही. पान नऊ, ओळ सहा, अंश आणि छेद यांच्यातली रेघ वाचकाला दिसत नाही. पान दहा, ओळ एक. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मल्हार डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. आठ-दहा नोंदी पाहिल्यावर तो वैतागून म्हणाला, "हे मी मशिनकडून भरून घेतो ना," आणि संध्याकाळपर्यंत त्याने तसं करून दिलं. तरी प्रत्येक नोंद पानाशी ताडायला तिलाच बसावं लागायचं. ते दिवसाला एक नमुना पाठवत गेले. प्रत्येक नोंद न्यासाकडच्या तपासनिसाने पुस्तकाशी ताडून त्या नोंदीसमोर सही करायची, असा त्यांचाच नियम होता.

नवव्या नमुन्यानंतर संतोषकुमारांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता.

"मॅडम, हे काय चाललंय? साडेचारशे सह्या केल्यात मी. सगळीकडे एकच चूक!"

"होय सर. अजून आठशे बासष्ट आहेत. उद्या दहावा नमुना येईल."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी स्वतः पाहिलं, मॅडम," संतोषकुमार जरा खाली येऊन म्हणाले. "पान ताडताना चष्मा काढून पाहिलं. ती रेघ खरंच नाही दिसत." मग लगेच पहिला आवाज परतला. "नमुने थांबवा. पूर्ण फाइल नव्याने पाठवा, मी प्रकल्प उघडून घेतो. पण मॅडम, हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं?"

शेजारी उभ्या मल्हारने दोन्ही हात जोडून, काही बोलू नका, अशी खूण केली. कृष्णवेणीच्या जिभेवर मेलची तारीख आली होती, त्यांच्याच उत्तरातलं वाक्य आलं होतं. तिने सगळं गिळलं.

"शुक्रवारी फाइल मिळेल, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने आठवीची फाइल उघडली, रेघेची नवी आज्ञा वर घातली आणि पान बांधायला लावलं. वर्षभरात कंपनीने व्यवस्थेची आवृत्ती बदलली होती. पहिल्याच फेरीत एकोणचाळीस चुका दाखवून यंत्र थांबलं. कृष्णवेणीने एक मोठा सुस्कारा टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या चुकीपासून सुरुवात केली.